दम कुठे लागतो, माणूस कुठे दगावतो

वयोमानातला फरक काढून टाकून देशांची तुलना केली, तर २०१९च्या जागतिक आकडेवारीत सीओपीडी या जुनाट श्वसनविकाराचे सर्वाधिक प्रमाण डेन्मार्कमध्ये निघते. दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ४,३०० रुग्ण. त्याखालोखाल म्यानमार आणि मग बेल्जियम. याच आजाराने होणाऱ्या मृत्यूंची यादी लावली, की मात्र पहिला क्रमांक नेपाळचा लागतो: लाखामागे १८२. सर्वांत खाली जपान आहे, लाखामागे जेमतेम सात. आजार तोच, वर्ष तेच, तरी रुग्णांच्या यादीत अग्रभागी असलेला देश वेगळा आणि मृत्यूंच्या यादीतला वेगळा.

देशादेशांतल्या फुप्फुसविकारांची तुलना करणारे लेखन बहुतेक वेळा पहिल्या यादीपाशी थांबते. कुठे किती टक्के, एवढ्यावर भागते. माणूस जगतो की मरतो, हे मात्र आजार ओळखला कधी गेला, औषध महिन्यामागून महिने मिळाले का आणि त्याचे पैसे कोणी दिले, यावर ठरते. सोलापूरसारख्या शहरातून हा प्रश्न पाहिला तर ते फार स्पष्ट दिसते. बिडीचा जर्दा, यंत्रमागाचे तूस, चुलीचा धूर, जुना क्षय, रस्त्यावरची धूळ ही जगात इतरत्र सुटीसुटी सापडणारी कारणे इथे एकाच वस्तीत, कधी एकाच घरात नांदतात.

आधी आजाराविषयी थोडे. सीओपीडीत श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात, फुप्फुसातले हवेचे बारीक कोश झिजून फाटतात आणि आत गेलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही. दम्यातही नळ्या आवळतात, पण त्या पुष्कळ अंशी पुन्हा मोकळ्या होतात. इथे तसे होत नाही. बोलताना आपण दोन्हींना दमाच म्हणतो. जगात या आजाराचे सुमारे २१ कोटी रुग्ण आहेत आणि दरवर्षी तीस लाखांहून अधिक माणसे त्याने मरतात. सत्तरीच्या आत होणाऱ्या या मृत्यूंपैकी दहातले नऊ गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. भारतात १९९० साली २.८१ कोटी रुग्ण होते, २०१६ साली ५.५३ कोटी. त्या वर्षी देशातल्या मृत्यूंच्या कारणांत सीओपीडी दुसऱ्या क्रमांकावर होता. जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा १८ टक्के, पण जुनाट श्वसनविकारांमुळे वाया गेलेल्या निरोगी आयुष्यात ३२ टक्के. त्याहून बोलका आकडा एका रुग्णामागचा आहे. सीओपीडीचा भारतीय रुग्ण जगातल्या सरासरी रुग्णाच्या १.७ पट निरोगी आयुष्य गमावतो.

मोजायचे कसे, आणि कशाशी

निदानाची कसोटी स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा लावून रुग्णाला बसवतात, तोंडात पुठ्ठ्याची नळी देतात. छाती पूर्ण भरून श्वास घ्यायचा आणि मग एका दमात, जोर लावून, पार रिकामे होईपर्यंत सोडायचा. शेजारी उभा असलेला तंत्रज्ञ ‘सोडा, सोडा, अजून सोडा’ असे ओरडत असतो, कारण शेवटची हवा निघायला वेळ लागतो आणि माणूस मध्येच थांबतो. मग नळ्या मोकळ्या करणारे औषध देऊन हाच खटाटोप पुन्हा. पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून कमी असेल, तर अडथळा आहे असे मानतात. चाचणी स्वस्त आहे, पण ती नीट करून घेणारा प्रशिक्षित माणूस लागतो.

जगभर ही चाचणी एकाच पद्धतीने करायचा मोठा प्रयत्न म्हणजे ‘बोल्ड’ अभ्यास. २००७ साली त्याचे पहिल्या बारा ठिकाणांचे निष्कर्ष आले. चाळिशीपुढच्या लोकांत मध्यम किंवा तीव्र सीओपीडी सरासरी १० टक्के. केप टाउनमध्ये मात्र पुरुषांत २२ टक्के आणि स्त्रियांत जवळपास १७. पुढे मुंबई, पुणे, म्हैसूर आणि श्रीनगर ही भारतीय ठिकाणेही त्यात आली. लॅटिन अमेरिकेतल्या पाच शहरांच्या ‘प्लॅटिनो’ पाहणीत मेक्सिको सिटीला ७.८ टक्के निघाले, तर माँटेव्हिडिओला १९.७. चीनने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत विशीपुढच्यांत ८.६ टक्के आणि चाळिशीपुढच्यांत १३.७ टक्के, म्हणजे सुमारे दहा कोटी रुग्ण. आपल्याकडची ‘इनसर्च’ ही मोठी पाहणी प्रश्नावलीवर बेतलेली होती. खोकला किती महिने, बेडका किती, अशा प्रश्नांवरून पस्तिशीपुढच्यांत जुनाट ब्राँकायटिस ३.४९ टक्के निघाला.

चीनचे १३.७ आणि भारताचे ३.४९ शेजारी ठेवून भारतीयांची फुप्फुसे चिन्यांपेक्षा चौपट धडधाकट आहेत असे म्हणणे चूक. एकीकडे नळीत फुंकून घेतले आहे, दुसरीकडे विचारले आहे, आणि वयाची रेघही वेगळी आहे. सत्तर टक्क्यांची पक्की सीमाही निर्दोष नाही. वय वाढते तसे हे प्रमाण आपोआप घटते. त्यामुळे म्हाताऱ्यांत निरोगी माणूसही आजारी ठरतो आणि तरुणांत खरा रुग्ण निसटतो. म्हाताऱ्यांचा देश आणि तरुणांचा देश यांची तुलना करताना हे विसरून चालत नाही.

दुसरा पेच याहून खोल आहे. २०१३ साली आलेल्या ‘प्युअर’ अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांची फुप्फुसे उत्तर अमेरिका-युरोपमधल्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी क्षमतेची भरली. आतापर्यंत ही तूट वांशिक मानून यंत्रातच वजा केली जायची. भारतीय म्हटले की अपेक्षित आकडा खाली, मग अहवाल ‘नॉर्मल’. २०२३ साली अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने वंशनिहाय वजावट सोडून सर्वांसाठी एकच समीकरण वापरण्याची शिफारस केली. याला जोड म्हणून ‘बोल्ड’च्या शास्त्रज्ञांचे एक निरीक्षण पाहावे. सीओपीडी म्हणून नोंदले जाणारे मृत्यू गरीब देशांत ज्या गोष्टीच्या मागोमाग वाढतात, ती नळ्यांतला अडथळा कमी आणि आकाराने लहान राहिलेले फुप्फुस व गरिबी अधिक.

सोलापूरच्या संदर्भात हे पुस्तकी राहत नाही. फुप्फुस पोटातल्या बाळापासून विशी-पंचविशीपर्यंत वाढते. आईचे कुपोषण, जन्मतः कमी वजन, लहानपणचा न्यूमोनिया यांनी ते खुरटते. १९७२च्या दुष्काळात जी मुले इथे जन्मली किंवा रांगत होती, ती आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. सीओपीडी दार ठोठावतो तो याच वयात. त्यांच्यातल्या एखाद्याचा अहवाल ‘भारतीयांसाठी नॉर्मल’ आला, तर ते निरोगीपणाचे प्रमाणपत्र मानायचे की त्या दुष्काळाची नोंद, हा प्रश्न डॉक्टरांनी स्वतःला विचारायला हवा.

न ओढणाऱ्यांचा आजार

पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत सीओपीडी म्हणजे सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार. डेन्मार्कचा वरचा क्रमांक मुख्यतः तंबाखूनेच समजावून सांगता येतो, आणि तिथल्या स्त्रियांनीही पिढ्यान्‌पिढ्या धूम्रपान केले आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये या समजाला धक्का दिला. जगातल्या सीओपीडी रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी आयुष्यात कधी धूम्रपान केलेले नाही, असे त्यांनी दाखवले. भारतात सीओपीडीच्या एकूण भारापैकी निम्म्याहून अधिक, ५३.७ टक्के, घरातल्या आणि बाहेरच्या प्रदूषित हवेशी जोडला जातो, तंबाखूकडे २५.४ टक्के आणि कामाच्या जागेच्या धोक्यांकडे १६.५.

महाराष्ट्राचे चित्र तर यात आणखी वेगळे आहे. २०१६-१७च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यात तंबाखू ओढणारे केवळ ३.८ टक्के निघाले, तर चघळणारे, लावणारे, मिसरी घासणारे २४.४ टक्के. बिडी सोलापुरात वळली जाते. तिचा धूर बहुतांशी इतर प्रांतांत निघतो, आणि तिचा भुगा इथे राहतो.

शहराच्या पूर्व भागात गेले की हा भुगा दिसतो. बिडी कामगार स्त्रियांची संख्या सर्वसाधारणपणे साठ हजारांच्या पुढे सांगितली जाते. त्यात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजातल्या बायका मोठ्या संख्येने आहेत. बिडी कंपनीच्या ब्रँचमधून पाने आणि तंबाखू आणायची, रात्री तेंदूची पाने भिजत घालायची, सकाळी फर्मा ठेवून कात्रीने कापायची. मग मांडीवर सूप घेऊन चिमूटभर जर्दा पानात पसरायचा, वळायचा, टोक दुमडायचे, दोरा गुंडाळायचा. दिवसाला हजाराच्या आसपास बिड्या. हजारदा चिमूट घेतली, हजारदा बारीक कण उडाले. ब्रँचवर बिड्या नापास होऊन छाट निघाली तर ती मेहनत फुकट जाते, म्हणून डोळे आणि नाक सुपावरच वाकलेले. ज्या खोलीत हे चालते त्याच खोलीत कपडे वाळतात, मुले अभ्यासाला बसतात, रात्री अंथरुणे पडतात. काम थांबले तरी श्वासातला जर्दा थांबत नाही. बिडी वळणाऱ्या स्त्रियांची फुप्फुसक्षमता न वळणाऱ्यांपेक्षा कमी भरते, असे देशात ठिकठिकाणी झालेल्या लहान अभ्यासांत आढळले आहे.

दुसरा धंदा कापडाचा. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरण, नंतर नरसिंगगिरजी, लक्ष्मी-विष्णू अशा गिरण्यांनी सोलापूरची दोन-तीन पिढ्यांची भाकरी चालवली. त्या बंद पडल्या आणि काम यंत्रमागाच्या लहान लहान शेडमध्ये पांगले. चादर आणि टॉवेल हे शहराचे भूषण, पण टॉवेल मऊ व्हायचा तर सुताचे तूस उडणारच. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा फुप्फुसविकार साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळून आपली ओळख देतो. पुढे ती आवळ रोजची होते, आणि शेवटी तो सीओपीडीपासून वेगळा काढता येत नाही. सर्वाधिक धूळ पिंजण्या-कातण्याच्या खात्यात. विणकामात ती कमी असते, पण बंद शेडमध्ये, माथ्यावर पंखा आणि दोन्ही हातांना माग असताना, कमी म्हणजे काही शून्य नव्हे.

तिसरे कारण चूल. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, गॅस घरोघर पोहोचला, तरी गॅस आणि चूल दोन्ही ठेवणारी घरे ग्रामीण भागात पुष्कळ. बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोटकडे तुराट्या, बाभळीचे सरपण आणि गोवऱ्या फुकट किंवा जवळपास फुकट मिळतात. ज्वारीची भाकरी, विशेषतः कडक भाकरी, चुलीच्या निखाऱ्यावर जशी शेकते तशी गॅसवर शेकत नाही, असे मानणाऱ्या घरांत सिलिंडर चहापुरता. नेपाळचा मृत्युदर इतका उंच का, याचे एक उत्तर इथेच आहे. डॉ. मृगेन्द्रराज पांडे यांनी १९८०च्या दशकात तिथल्या डोंगरी खेड्यांत चुलीपाशी घालवलेले तास आणि जुनाट ब्राँकायटिस यांचा संबंध दाखवून दिला होता. चीनच्या श्वानवेई भागात नुसती धुराडे असलेली चूल आली, तर पुढच्या काळात सीओपीडीचा धोका पुरुषांत ४२ टक्क्यांनी आणि स्त्रियांत २५ टक्क्यांनी घटलेला दिसला. तिथे लोकांनी इंधन बदलले नव्हते. धूर बाहेर काढून दिला होता.

क्षयाचा वाटाही मोजला पाहिजे. केप टाउनच्या उंच आकड्यामागे क्षयाची जुनी साथ आहे, आणि भारत तर जगातले सर्वाधिक क्षयरुग्ण असलेला देश. जंतू मरतात, सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण होतो, कार्डावर ‘बरा झाला’ असा शेरा येतो. फुप्फुसातले व्रण मात्र राहतात. दोन-पाच वर्षांनी धाप लागू लागली की रुग्ण पुन्हा टीबीच समजून येतो आणि थुंकी ‘निगेटिव्ह’ म्हणून परत जातो. त्याच्या हातात स्पायरोमेट्रीची नळी कोणी देत नाही. वर सोलापूर हे राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातल्या हवेचे मानक न गाठणाऱ्या शहरांपैकी एक. कोरडे हवामान, उखडलेले रस्ते, जडवाहतूक यांची धूळ या सगळ्या फुप्फुसांवर आणखी बसते.

औषध आहे, पण कुणाच्या खर्चाने

उपचारात देशांची खरी फारकत होते. फिनलंडने १९९८ ते २००७ असा दहा वर्षांचा राष्ट्रीय सीओपीडी कार्यक्रम राबवला. त्यात चमकदार काही नव्हते. आरोग्य केंद्रांत स्पायरोमेट्री आणली, सामान्य डॉक्टर-परिचारिकांना ती शिकवली, तंबाखू सोडवण्यावर भर दिला, रुग्णाला स्वतःची काळजी घ्यायला शिकवले. दहा वर्षांनी आजाराचे प्रमाण साधारण तेवढेच होते, पण सीओपीडीमुळे रुग्णालयात पडून राहण्याचे दिवस जवळपास ४० टक्क्यांनी कमी झाले होते. रुग्ण तेवढेच, हाल कमी.

ब्रिटनमध्ये २००४ पासून वस्तीतल्या डॉक्टरला सीओपीडी रुग्णांची नोंदवही ठेवण्याचे आणि त्यांची वार्षिक तपासणी करण्याचे पैसे मिळू लागले. इंग्लंडमध्ये साठीपुढच्यांना औषधे मोफत, सीओपीडीच्या रुग्णांना फ्लूची लसही मोफत. फुप्फुसांच्या पुनर्वसनाचे वर्ग भरतात. ठरावीक आठवडे चालण्याचा, हातापायांत बळ आणण्याचा व्यायाम आणि श्वास सोडायची पद्धत शिकवतात. या आजारात धाप लागते म्हणून माणूस हालचाल टाळतो, हालचाल टाळली की स्नायू झिजतात, स्नायू झिजले की धाप आणखी लवकर लागते. हे चक्र औषधाने तुटत नाही, व्यायामाने तुटते.

श्रीमंती पुरेशी नाही, हे अमेरिका दाखवते. तिथे एकेका इनहेलरची छापील किंमत शेकडो डॉलर होती. खूप टीका झाल्यावर २०२४ साली तीन मोठ्या कंपन्यांनी रुग्णाचा महिन्याचा खर्च ३५ डॉलरवर बांधला. जपानचेही सारे आलबेल नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चाळिशीपुढच्या सुमारे ११ टक्के लोकांत अडथळा निघाला, पण त्यांपैकी दहातल्या नऊंना आपल्याला आजार आहे हे ठाऊकच नव्हते. तरीही तिथला मृत्युदर जगात सर्वांत कमी. निदान चुकले तरी दरवर्षीची आरोग्य तपासणी, सर्वांना विमा आणि वेळेवर मिळणारी रुग्णसेवा हात देते.

आपल्या तुलनेला जवळचा देश चीन. मोठी लोकसंख्या, कोळसा, चुली, गिरण्या सगळे ओळखीचे. सोलापूरकराला चीन म्हटले की डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली इथला तरुण डॉक्टर तिथे जखमी सैनिकांच्या शुश्रूषेला गेला आणि १९४२ साली तिथेच वारला. त्या देशाकडून आज शिकण्यासारखे काही असेल, तर ते आपला आकडा उघड करण्याचे धैर्य. २०१८च्या पाहणीत दहा कोटी रुग्ण निघालेच, शिवाय त्यांपैकी जेमतेम १२ टक्क्यांची पूर्वी कधी फुप्फुसांची चाचणी झाली होती आणि तीन टक्क्यांनाही आजाराची कल्पना नव्हती, हेही छापले गेले. तिथल्या सरकारने २०२४ साली सीओपीडीची देखभाल मूलभूत सार्वजनिक आरोग्यसेवेत घातली, रक्तदाब-मधुमेहाच्या पंगतीला.

भारतात कागदावर बरेच काही आहे. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सीओपीडी आणि दमा आहेत, अत्यावश्यक औषधांच्या यादीत इनहेलर आहेत. इनहेलर बनवण्यात भारतीय कंपन्या जगात पुढे. साल्ब्युटामॉलचा पंप दोनशे रुपयांच्या आत-बाहेर मिळतो. नियमित घ्यायचे मिश्र औषध महिन्याला काही शे रुपये. अमेरिकेच्या मानाने स्वस्त, पण बिडी वळून पोट भरणाऱ्या घरात हा खर्च दर महिन्याला, उरलेले आयुष्यभर करायचा असतो.

सोलापूरची गोष्ट इथे उद्बोधक आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. पुढे तीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली आणि विम्याची मर्यादा पाच लाखांवर गेली. या योजनेने गरिबांना मोठ्या रुग्णालयांची दारे उघडून दिली, हे निर्विवाद. पण तिचा गाभा भरती झालेल्या रुग्णावरच्या उपचारांचा आहे. श्वास कोंडून अतिदक्षता विभागात गेलेल्या बाईचे बिल योजना भरते. ती तिथे जाऊ नये म्हणून लागणारा महिन्याचा पंप मात्र तिने स्वतः घ्यायचा. परवडला नाही की ती कोपऱ्यावरच्या दवाखान्यात इंजेक्शन घेते, स्टिरॉइडची गोळी घेते, दोन दिवस बरे वाटते. वर्षानुवर्षे असे चालले की साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि फुप्फुस तिथेच. इनहेलर न घेण्यामागे ‘पंप लागला की सुटत नाही’ ही भीती आहे, हे खरे. पण सरकारी दवाखान्यात पंप दर महिन्याला हमखास मिळू लागला, तर ती भीती किती टिकेल हे पाहण्यासारखे आहे. रक्तदाबाची गोळीही सुटत नाहीच. ती मिळते, म्हणून लोक घेतात.

घरच्या ऑक्सिजनचेही असेच. रक्तातला प्राणवायू कायम कमी असलेल्या रुग्णाने रोज किमान पंधरा तास ऑक्सिजन घेतला तर आयुष्य वाढते, हे १९८०-८१ साली सिद्ध झाले. कोविडमध्ये असा ऑक्सिजन घरी देणाऱ्या यंत्राचा, कॉन्सन्ट्रेटर हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी आला. पण तो पंधरा तास चालायचा तर वीज पंधरा तास हवी आणि तिचे बिल भरणारा हवा. युरोपात आणि जपानात ही व्यवस्था आरोग्यसेवेच्या खर्चात बसते. आपल्याकडे ती घरच्या माणसांवर पडते.

धुळीची भरपाई

तुलनेतला सर्वांत कमी बोलला जाणारा भाग म्हणजे जबाबदारी. ब्रिटनने बिसिनोसिसच्या नुकसानभरपाईचा कायदा १९४० सालीच केला. तो फार कंजूष होता: धुळीच्या खात्यात वीस वर्षे काम करून पूर्ण निकामी झालेल्या पुरुषांपुरता. पुढे डॉ. रिचर्ड शिलिंग यांच्या लँकेशायरमधल्या संशोधनाने त्याची व्याप्ती वाढण्याला आधार मिळाला. अमेरिकेत कॅरोलिनातल्या गिरणी कामगारांनी ‘ब्राउन लंग असोसिएशन’ काढून आवाज उठवला. १९७८ साली सूतगिरणीत घनमीटर हवेत २०० मायक्रोग्रॅमहून अधिक कापूसधूळ नको, असा नियम झाला. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८१ साली हरले. नवी बंदिस्त यंत्रे आली, आजार झपाट्याने घटला. जपानमध्ये १९७२ साली योक्काइचीच्या रहिवाशांनी पेट्रोरसायन कंपन्यांविरुद्धचा दावा जिंकला आणि पुढच्याच वर्षी प्रदूषणबाधितांच्या भरपाईचा कायदा आला. त्यात जुनाट ब्राँकायटिस, दमा आणि एम्फिसीमा यांची नावे घेऊन तरतूद होती. पैसा धूर सोडणाऱ्या उद्योगांकडून वसूल होत असे. ब्रिटिश कोळसा महामंडळ १९९८ साली न्यायालयात हरल्यावर खाणकामगारांचे सीओपीडीसाठीचे लाखो दावे निघाले.

आपल्या कायद्यातही बिसिनोसिस आहे. कारखान्यांतल्या नोंदयोग्य आजारांच्या यादीत तो आहे, कामगार राज्य विम्याच्या यादीतही आहे. अडचण अशी की ही संरक्षणे ठरावीक कामगारसंख्येच्या वरच्या, हजेरीपट असलेल्या आस्थापनांसाठी. चार-सहा मागांची शेड त्यात बसत नाही. बिडी कामगाराचे घर म्हणजे कारखाना, पण कायद्याच्या लेखी ते घरच. बिड्यांवरच्या उपकरातून १९७६च्या कायद्याने कल्याण निधी उभा केला होता. त्यातून दवाखाने, शिष्यवृत्त्या, घरकुले झाली. २०१७ साली वस्तू-सेवा कर आला आणि तो उपकर गेला. धंद्याने आपल्या धुळीचा खर्च उचलण्याची जी एक थेट वाट होती, ती बंद झाली.

एका बाबतीत मात्र सोलापूरने जगाला दाखवावे असे काम केले आहे. कामगार नेते नरसय्या आडम मास्तर आणि त्यांच्या संघटनेने बिडी कामगार स्त्रियांच्या सहकारी वसाहती उभ्या केल्या. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली, ती २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते कामगारांना मिळाली. त्यानंतरच्या रे नगर वसाहतीच्या तीस हजार घरांपैकी पंधरा हजार घरे जानेवारी २०२४मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सुपूर्त केली. याला आपण गृहनिर्माण म्हणतो. फुप्फुसांच्या बाजूने पाहिले तर झोपडीतल्या एका खोलीऐवजी वेगळे स्वयंपाकघर, खिडकी आणि पक्की, पुसता येणारी फरशी मिळणे हा श्वसनविकार प्रतिबंधाचा एक मोठा प्रयोग आहे. श्वानवेईच्या धुराड्याचा जसा अभ्यास झाला, तसा या घरांचा व्हायला हवा. जुन्या वस्तीत राहिलेल्या आणि नव्या घरात गेलेल्या, तेवढ्याच बिड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या फुप्फुसांत पाच-दहा वर्षांनी काय फरक पडला, हे सांगू शकणारे असे शहर दुसरीकडे शोधून सापडणे अवघड.

सोलापूरने काय घ्यावे

या सगळ्या तुलनेतून सोलापूरने घ्यावे असे फार महाग काही नाही. फिनलंडकडून स्पायरोमेट्री नागरी आरोग्य केंद्रापर्यंत नेण्याची शिस्त घ्यावी. १९६३ पासून उभे असलेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय परिचारिकांना ती शिकवू शकेल. ब्रिटनकडून नोंदवही आणि पुनर्वसनाचा वर्ग. त्याला यंत्रे नकोत, वसाहतीचे समाजमंदिर आणि एक भौतिकोपचारतज्ज्ञ पुरे. चीनकडून सीओपीडीला रक्तदाब-मधुमेहाच्या बरोबरीने नियमित औषधाचा हक्क. जपानकडून, धुळीच्या धंद्यातून निघालेल्या आजाराचा खर्च त्या धंद्याने उचलावा हे तत्त्व. आणि क्षयाचा कोर्स संपवणाऱ्या प्रत्येकाला निरोप देण्याआधी एकदा नळीत फुंकायला लावावे. ते तर उद्यापासून करता येईल.

हे सुरू झाले की पहिल्या वर्षी सोलापुरातल्या सीओपीडी रुग्णांचा आकडा एकदम फुगेल, वर्तमानपत्रांत ठळक मथळे येतील आणि कुणीतरी अधिकाऱ्यांना जाब विचारेल. तेव्हा घाबरून मोजणी थांबवू नये. शोधायला निघाले की सापडतातच. कार्यक्रम चालला की फसला, हे पाच वर्षांनी दोन गोष्टींवरून ठरवावे: श्वास कोंडून भरती होणाऱ्यांचे खाटेवरचे दिवस किती घटले, आणि पंप मध्येच सोडून देणाऱ्या बायका किती उरल्या.